राखणीच्या कुत्र्याचं नख आणि पहिल्या व्रताचे अतिचार



आपल्या घरांत कुत्रा पाळायची रीत नाही. गाय असते, पूर्वी बैल असायचे, दारात येणाऱ्या कुत्र्याला रोजची भाकरी असते, पण "आमचा कुत्रा" असं आपण म्हणत नाही. याला नुसता सोवळेपणा समजू नका. श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादानं वर्ज्य सांगितली आहेत, त्यांतलं शेवटचं 'असईजणपोसणया'. टीकाकारांनी त्याच्या अर्थात कुत्रा-मांजरासारखे शिकारी प्राणी कमाईसाठी पोसणंही धरलं आहे. म्हणून मळ्यावर राखणीला कुत्रा असला तरी तो सालगड्याचा असतो. आपला फक्त भाकरीचा संबंध.

पाथर्डीकडच्या एका मैत्रिणीनं परवा विचारलं, की मळ्यावरच्या अशाच एका कुत्र्याचं नख तुटलंय, पाय टेकत नाही. घरी काय करता येईल? आणि आपण करावं का? नखाला हात लावला, उरलेला तुकडा कापला, तर तो दोष नाही का? ती बारा व्रतं घेतलेली बाई आहे, उगाच विचारत नव्हती. तिचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार जुना आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळते.

आपल्या आगमांत कुत्रा भेटतो तो आधी चावणारा म्हणून. आचारांग सूत्राच्या पहिल्या श्रुतस्कंधाच्या नवव्या अध्ययनात भगवान महावीरांच्या लाढ देशातल्या विहाराचं वर्णन आहे. तिथले लोक त्यांच्यावर कुत्री सोडत, छू छू करून चिथवत. इतर श्रमण त्या मुलखात हातात काठी घेऊन फिरत. भगवंतांनी काठी घेतली नाही. व्याख्यानात आपण हे परीषहाचं उदाहरण म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. मला त्यात कुत्र्याची बाजूही दिसते. चिथवणारा माणूस होता.

दिगंबर परंपरेत जीवंधरकुमाराची गोष्ट आहे, वादीभसिंहांच्या 'क्षत्रचूडामणि'त ती येते. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलेलं असतं. जीवंधर त्याच्याजवळ बसून कानात नवकार म्हणतो. तो कुत्रा मरून सुदर्शन नावाचा यक्षेंद्र होतो आणि पुढे संकटात जीवंधराच्या मदतीला येतो. नवकार कुत्र्याच्या कानातही म्हणता येतो, हे त्या काळच्या श्रोत्यांना सांगावंसं वाटलं, याचा अर्थ न म्हणणारेही पुष्कळ असणार!

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नगर जिल्ह्यात राखणीचा कुत्रा म्हटलं की आधी आठवतो तो धनगराचा. पारनेर-संगमनेरच्या पठारावर लांडगा अजून आहे, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या. मेंढ्यांचा वाडा रात्री ज्या रानात बसतो, तिथे या कुत्र्याचं काम सुरू होतं. वाडा आपल्या शेतात बसवायचा, लेंडी-मुताचं खत जमिनीला मिळायचं आणि त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं, ही देवाणघेवाण आपल्या आजेसासऱ्यांच्या वह्यांत सापडेल. दिवाळीनंतर कळप निघतात, पाऊस लागला की परततात. त्या चालीत तट्टूवर बिऱ्हाड असतं, त्यावर कोंबड्या आणि नवी कोकरं. कुत्रा मात्र पायी, मुरमाड रस्ता, डांबर, वेडी बाभूळ, तारेचं कुंपण सगळं तुडवत. नखं तुटायची ती इथे.

धनगरांचं कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाच्या मूर्तीत घोड्याबरोबर कुत्रा असतोच. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाचं मोठं ठाणं आहे. खंडोबाचे वाघ्ये पूर्वी देवाचे कुत्रे म्हणून भुंकत आणि कोटंब्यात वाढलेलं खात. जर्मन अभ्यासक गुंथर सोनथायमर यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या धनगरांत आणि खंडोबाच्या जत्रांत घालवली, ती ही सगळी परंपरा समजून घ्यायला. आपण देव वेगळा मानतो. पण ज्याच्या रात्रीच्या जागण्यावर कळप जगतो, त्याला देवाशेजारी उभं करणं मला समजू शकतं.

ज्यांचं नाव आता जिल्ह्याला आहे त्या अहिल्याबाईही १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत धनगराच्या घरी जन्मल्या. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२३ साली छापलेल्या माळव्यावरच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल एक नोंद आहे. महेश्वरच्या आसपास भर उन्हात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजायला त्यांचे नोकर फिरत, आणि पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून त्यांनी शेतं विकत घेऊन ठेवली होती. हे वाचून मला नेहमी वाटतं, मेंढरांमागे चालणाऱ्या घरातली लेकच हे करू जाणे.

आणि आपल्या समाजानं कुत्र्यासाठी काय केलं? याचं उत्तर मुंबईत आहे. कंपनी सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम दरवर्षीची केली होती, मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. १८३२ च्या जूनमध्ये पैशाच्या लोभानं लोकांच्या दारातली, पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली, तेव्हा ६ तारखेला कोटात पारशी मंडळी उठली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे, मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा सगदीद विधीही आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. त्यात पारशांबरोबर हिंदू होते आणि जैन व्यापारीही होते. गोऱ्या पलटणीचा दाणापाणी अडला. पुढे धरपकड झाली, खटले झाले, काहींना शिक्षा झाल्या. पण दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई या पारशी शेठांनी आणि मोतीचंद अमीचंद या जैन शेठांनी मिळून मुंबईची पांजरापोळ उभी केली. हे मोतीचंद म्हणजे भायखळ्याचं आदिनाथ मंदिर बांधणारे मोतीशा शेठ. आज पांजरापोळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाय येते. मुंबईची पांजरापोळ निघाली ती कुत्र्यांवरून.

मात्र पांजरापोळीनं वाचवलेल्या जिवाला आसरा आणि चारापाणी दिलं, तेवढ्यानं जखम बरी होत नाही. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय निघालं आणि १८८६ साली तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा मुंबईत आसऱ्याला उपचाराची जोड मिळाली. आपल्या लोकांचा ओढा मात्र अजून आसऱ्याकडेच जास्त आहे. दान देताना आपण चारा देतो, मलमपट्टीचं सामान कुणी देत नाही.

त्यामागे मैत्रिणीची तीच भीती असावी. पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. म्हणजे बांधणं, मारणं, अंग कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. नखाचा तुटका तुकडा कापणं हा छविच्छेद झाला का?

तीन वर्षांपूर्वी आमच्या मळ्यावर वाडा बसला होता तेव्हा हाच प्रश्न सासूबाईंना पडला. धनगराच्या मावशी सकाळी दाराशी आल्या, "बाई, एखादी चिंधी द्या, कुत्र्याचं नखूड उपसलंय." सासूबाईंनी धुतलेलं मऊ सुती कापड दिलं, पण कात्री मागितल्यावर थबकल्या. चातुर्मास नव्हता, तरी स्थानकात महासतीजी होत्या. सासूबाई दुपारी सामायिकाला गेल्या आणि विचारून आल्या. महासतीजी "हे कर" असं सांगणार नाहीत, ती त्यांची मर्यादा. त्यांनी फक्त अतिचाराचा अर्थ सांगितला. मी नंतर तो वाचून काढला.

आवश्यक सूत्रावरच्या जुन्या टीकांत, हरिभद्रसूरींसारख्या आचार्यांनी, या प्रत्येक अतिचाराचे भेद केले आहेत. कारणाशिवाय केलेलं आणि कारणानं केलेलं. कारणानं केलेल्यातही निरपेक्ष, म्हणजे निर्दयपणे केलेलं, आणि सापेक्ष, म्हणजे त्या जिवाची काळजी ठेवून केलेलं. छविच्छेदाचं सापेक्ष उदाहरण म्हणून दिलंय ते गळू किंवा जखम कापण्या-डागण्याचं. म्हणजे उपचार! बांधण्याबद्दल तर इतकं बारीक सांगितलंय की वाचून हात जोडावेसे वाटतात: गाठ अशी सैल द्यावी, की आग लागली तर जनावर सोडवता येईल. हजार-बाराशे वर्षांपूर्वी, हातात दोर घेतलेल्या गृहस्थाचा विचार करून कुणीतरी हे लिहिलं. बारा व्रतं ही गोठा, शेत, ओझ्याची जनावरं असलेल्या माणसांसाठी होती. आपण फ्लॅटमध्ये राहायला गेलो आणि अतिचार नुसते म्हणायचे राहिले.

तर आता नख. कुत्र्याच्या नखात आत जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस. तो उघडा पडला की रक्त भरपूर येतं आणि दुखतं फार. म्हणून सर्वात गरीब कुत्राही त्या वेळी चावू शकतो. त्याचा माणूस जवळ हवाच. मऊ पट्टीनं तोंड सैलसर बांधावं, त्याला धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नये. आणि चावलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस. यात उपवास-बिपवास काही आड येऊ देऊ नका.

रक्त थांबवायला स्वच्छ कापड पाच ते दहा मिनिटं सलग दाबून धरायचं. मध्येमध्ये उचलून बघितलं की पुन्हा वाहतं. नुसत्या टोकाशी तुटलं असेल तर कोरडं कॉर्नफ्लोअर चिमूटभर दाबावं. तुरटीनंही थांबतं, पण झोंबते. धुवायला आपल्या घरात उकळून गार केलेलं पाणी सदा तयार असतं, यापेक्षा चांगलं काय हवं? त्यात बेटाडीन फिक्या चहाच्या रंगाइतकंच घालावं. गावात लोक तंबाखू-चुना, रॉकेल, टर्पेंटाइन सुचवतात, यातलं काहीही नको. कुत्रा पाय चाटतो, ते पोटात जातं. कुणी मधाचा सल्ला देईल, तो आपल्यासाठी प्रश्नच नाही. आणि आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीही देऊ नये. माणसाची गोळी त्याला विष ठरू शकते.

नुसता टोकाचा सुटा, निर्जीव तुकडा लोंबत असेल तर तो धारदार नेलकटरनं एका झटक्यात काढता येतो. नख मुळाशी हललं असेल, उभं चिरलं असेल, किंवा दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, तर ओढायचं नाही, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचं. तिथे भूल देऊन काढतात. आमच्याकडचं नख मुळाशीच हललेलं होतं. सासूबाईंनी टेम्पोचं भाडं दिलं आणि कात्री परत खणात गेली.

पट्टी बांधताना बोटांमध्ये कापूस घालावा, वरून जुना मोजा. पट्टी घट्ट झाली तर पंजा सुजतो. रोज सोडून बघायची, ओली झाली की बदलायची. पावसाळ्यात तर हे सोडूच नका. उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, आणि मग एका जिवासाठी शेकडो जिवांचा घात, हा पेच उभा राहतो. जखम कोरडी आणि झाकलेली ठेवली की तो पेचच येत नाही. यतना म्हणतात ती हीच. उशीर करून मग हळहळण्यात यतना नाही.

पंजा सुजला, वास आला, पू दिसला किंवा दोन-तीन दिवसांनीही पाय टेकत नसेल तर पुन्हा डॉक्टर. नख पूर्ण यायला महिने लागतात, पण नीट भरत असेल तर जिवंत भागावर काही दिवसांत कडक कवच येतं. तोवर त्याला कामावर पाठवायचं नाही. आणि पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही, वाकडं वाढतं आणि कुंपणात अडकतं. ते महिन्या-दोन महिन्यांनी बघत जावं.

आमच्या मळ्यावरच्या त्या कुत्र्याला धनगरानं तुरीच्या काड्यांच्या सावलीत बांधून ठेवलं होतं. मी मुद्दाम गाठ बघितली, एका ओढीत सुटेल अशी होती. रात्रीच्या राखणीला तेवढे दिवस धनगर आणि त्यांचा मुलगा पाळीपाळीनं जागले. सहाव्या दिवशी वाडा हलला तेव्हा कळप मुरमाच्या वाटेनं पुढे गेला आणि मावशी त्याला घेऊन मागून, बांधाच्या मऊ मातीवरून, सावकाश निघाल्या.