एका तळ्याचा जमाखर्च

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तळ्यात मोठे मासे नेहमी थोडेच का असतात? या साध्या प्रश्नाचे उत्तर ज्याने आकड्यांत मांडले, त्या तरुणाची गोष्ट आज सांगायची आहे.

अन्नसाखळीचा विचार त्याच्या आधीच सुरू झाला होता. साखळीत वर जावे तसे प्राणी संख्येने कमी होतात, हे चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये दाखवले. सजीव आणि त्यांच्याभोवतीचे पाणी, माती, हवा मिळून एकच व्यवस्था होते, असे सांगून आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये तिला ‘इकोसिस्टिम’ म्हणजे परिसंस्था हे नाव दिले. पण या व्यवस्थेचा हिशेब कोणत्या नाण्यात करायचा?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर बॉग लेक नावाचे एक लहानसे, उथळ तळे आहे. रेमंड लिंडेमन या विद्यार्थ्याने पाच वर्षे त्याचा अभ्यास केला. पत्नी एलिनोर मदतीला असे. शेवाळ, पाणकिडे, तळातला गाळ, सारे त्याने तपासले आणि सगळ्यांचे मोल एकाच नाण्यात मांडले : कॅलरी.

हिशेब असा निघाला. दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाकाठी सूर्याकडून १,१८,८७२ कॅलरी येत होत्या. वनस्पतींनी त्यांतल्या सुमारे १११ बांधून घेतल्या, म्हणजे हजारातला जेमतेम एक भाग. त्या खाणाऱ्या जीवांपर्यंत सुमारे १५ पोचल्या आणि त्यांना खाणाऱ्यांपर्यंत फक्त ३. बाकीची ऊर्जा काही श्वसनात खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने निघून गेली, काही जिवाणूंच्या वाट्याला आली, काही गाळात पडून राहिली. नायट्रोजन, फॉस्फरस पुन्हा पुन्हा फिरतात. खर्च झालेली ऊर्जा परत येत नाही. म्हणून तर सूर्य रोज उगवावा लागतो!

शाळेत आपण ‘दहा टक्क्यांचा नियम’ पाठ करतो. लिंडेमनच्या तळ्यात मात्र ते प्रमाण एका पायरीला सुमारे १३ टक्के, तर पुढच्या पायरीला २० टक्क्यांहून जास्त आले होते. दहा हा आकडा ढोबळ. दर पायरीला मोठी घट होते, हे खरे सूत्र.

येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्या हाताखाली त्याने हा निबंध पूर्ण केला आणि ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठवला. दोन्ही परीक्षकांचे मत प्रतिकूल पडले. एवढ्याशा माहितीवर एवढा मोठा सिद्धांत कसा उभारायचा, असा त्यांचा आक्षेप. हचिन्सन यांनी शिष्याची बाजू नेटाने लढवली आणि संपादक थॉमस पार्क यांनी अखेर निबंध स्वीकारला. तो १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला. पण लिंडेमन २९ जूनलाच दीर्घ आजाराने गेला होता. त्याला सत्तावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्या निबंधाने परिसंस्थेच्या अभ्यासाला वळण लावले. एका वाघासाठी एवढे मोठे रान कशाला, असे आजही कुणी विचारतो. उत्तर त्या तळ्याच्या हिशेबात आहे. वाघापर्यंत थोडी ऊर्जा पोचायची, तर खाली पुष्कळ हरणे हवीत आणि हरणांसाठी त्याहून कितीतरी जास्त गवत हवे. गवताला कात्री लागली, की वरचा हिशेब आपोआप चुकतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)