इंटरनेट वारंवार तुटते : दोष लाइनचा की वाय-फायचा?

उज्जैनच्या फ्रीगंजसारख्या, दुकाने आणि घरे खेटून असलेल्या वस्तीत घरचे इंटरनेट वारंवार खंडित होत असल्यास प्रथम दोष नेमका कुठे आहे, हे ठरवावे. त्यासाठी संगणक केबलने थेट राउटरला जोडावा. तरीही खंड पडला आणि फायबरच्या यंत्रावरील ‘एलओएस’ दिवा लाल झाला, तर बिघाड लाइनमध्ये असतो. केबलवर जोडणी स्थिर राहिल्यास दोष बहुधा वाय-फायचा असतो. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात १, ६ व ११ हे तीनच चॅनेल परस्परांपासून मोकळे असल्याने शेजारच्या राउटरांचे संकेत एकमेकांना अडथळा करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. अशा वेळी ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा निवडावा. लाइनच्या बिघाडाची तक्रार, खंडांच्या वेळांसह, नोंदवून डॉकेट क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागताना तोच आधार ठरतो.