तुकडोजी महाराजांचा जपान-प्रवास : एक तळटीप

* राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (जन्म १९०९, यावली, जि. अमरावती) १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, तेव्हा हिरोशिमावर अणुबॉम्ब पडून दहाच वर्षे झाली होती. जपानने पॉट्सडॅम जाहीरनाम्यातली शरणागतीची मागणी धुडकावली म्हणून बॉम्बचा आदेश निघाला, हे मूळ मजकुरातले विधान तारखांशी जुळत नाही. लेखी आदेश २५ जुलै १९४५ चा, जाहीरनामा २६ जुलैचा. पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत, असेही त्याच आदेशात होते. नागासाकीसाठी (९ ऑगस्ट) नवा आदेश लागलाच नाही. इतकी माणसे मेली, म्हणून हा क्रम वाचकांपुढे नीट ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते. आधी निर्जन जागी बॉम्बचे प्रात्यक्षिक दाखवा, असे जेम्स फ्रँक आदी शास्त्रज्ञांनी जूनमध्येच सुचवले होते. ओपेनहायमर, फर्मी यांच्या सल्लागार मंडळाने १६ जूनला तो पर्याय नाकारला. —संपादक