सुई आपली, आरी त्यांची

पाठीवरची सॅक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फाटते, पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे. कापड शाबूत असतं, शिवण उसवते. वह्या, डबा, पाण्याची बाटली, सगळ्यांचा भार त्या दोन-चार बोटं रुंद शिवणीवर येतो. हे घरी दुरुस्त करणं अवघड नाही. आतून जुन्या जीन्सचं ठिगळ लावायचं, मेण चोळलेला जाड दोरा दाभणात ओवायचा, चौकोनात उलटी टीप घालायची आणि त्या चौकोनात फुली मारायची. नायलॉनचे सुटलेले धागे मेणबत्तीवर जरा वितळवले की झालं. तासाभराचं काम!

मग गोधड्या शिवणाऱ्या आपल्या घरांना हे परकं का वाटतं? याचं उत्तर शोधताना मी थेट मोटेपाशी जाऊन पोचलो.

नव्या पिढीसाठी सांगतो, मोट म्हणजे बैलांच्या जोरावर विहिरीतलं पाणी ओढणारी चामड्याची मोठी पिशवी. नगरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात बागायत म्हणजे विहीर आणि विहीर म्हणजे मोट. पाण्याने भरलेल्या मोटेचा भारही शिवणींवरच यायचा. शिवण गेली की पाणी निम्म्या वाटेतूनच विहिरीत परत. म्हणजे अख्खं शेत एका दोऱ्यावर अवलंबून.

पण तो दोरा शेतकऱ्याच्या घरात नव्हता. कातडं ढोर समाजाने कमवायचं, मोट चर्मकाराने शिवायची, दोर मांगाने वळायचे. मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपात, म्हणजे बलुतं. त्रिं. ना. आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं, त्यात ही सगळी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. ती सोसणाऱ्याच्या बाजूने कशी दिसते ते वाचायचं तर १९७८ सालचं 'बलुतं' वाचावं. दया पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे.

तर सांगायचा मुद्दा असा, की सुया दोन प्रकारच्या होत्या. बारीक सुई घरातली. तिने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली तर तिचं कौतुक व्हायचं, आजही होतं. जाड आरी मात्र दुसऱ्याच्या हातात. तिच्यावाचून पाणी वर येत नव्हतं, तरी तिला हात लावणं कमीपणाचं. कसब दोन्हीकडे तेच, मान मात्र वेगवेगळा.

पुढे इंजिनं आली, विजेचे पंप आले आणि मोट गेली. शाळेचं दप्तर तेव्हा कापडी पिशवीचं, घरच्या सुईने भागायचं. मग नायलॉन आलं. त्याचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला, आपल्या पोरांच्या पाठीवर यायला पुढे बरीच वर्षं गेली. या जाड पट्ट्यांपुढे घरची सुई वाकते. म्हणून सॅक निघाली पुन्हा त्याच आरीकडे, आता एसटी स्टँडबाहेर छत्रीखाली बसलेल्या कारागिराकडे. सरकारी भाषेत 'गटई कामगार'. त्यांना पत्र्याचे स्टॉल देण्याची सरकारी योजनाही आहे. आरीच्या आकड्याने तो खालचा दोरा असा झरझर वर ओढतो, की बघत राहावं.

बलुतं गेलं, रोख पैसे आले. आपल्या मनातला दर मात्र धान्याच्या काळातलाच राहिला. हजार रुपयांची सॅक घासाघीस न करता घेणारा माणूस तीस रुपयांच्या शिवणीसाठी वाद घालतो. हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

म्हणून माझं म्हणणं, दाभण घरात आणाच. पैसे वाचतात, सॅक आणखी दोन वर्षं टिकते आणि पोरांना कळतं की फाटलेलं फेकायचं नसतं. पण खरा फायदा वेगळाच आहे. चार पदरांतून दाभण पलीकडे काढताना अंगठा हुळहुळतो, टाका तिरका जातो, पुन्हा उसवावा लागतो. असे वीस टाके घालून झाले की मग स्टँडबाहेरच्या त्या माणसाशी पाच रुपयांसाठी भांडवतं का, ते बघा.