अॅनालॉग सिंथेसायझर मॉड्यूल, स्वनिर्मित

अॅनालॉग सिंथेसायझर मॉड्यूल, स्वनिर्मित : सुटे इलेक्ट्रॉनिक भाग स्वतः जोडून बनवलेला, ध्वनी निर्माण करणारा किंवा त्याला आकार देणारा स्वतंत्र घटक. ऑसिलेटर स्वर देतो, फिल्टर त्याचा पोत ठरवतो, एन्व्हलप जनरेटर त्याचा उठाव व क्षय आखतो आणि अॅम्प्लिफायर तो उठाव-क्षय आवाजाच्या पातळीत उतरवतो. असे घटक केबलींनी हवे तसे जोडले की वाद्य तयार होते.

इतिहास : अमेरिकेत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास एकमेकांपासून स्वतंत्रपणे व्होल्टेज-नियंत्रित मॉड्यूल घडवले. ते महाग असल्याने स्वनिर्मितीला चालना मिळाली. बर्नी हचिन्स यांनी १९७२मध्ये सुरू केलेल्या ‘इलेक्ट्रोनोट्स’ या पत्रिकेने मंडलांचे सविस्तर विश्लेषण दिले. सर्ज चेरेपनिन यांची मॉड्यूल संच म्हणून मिळत व घेणारे ती स्वतः जोडत. ‘एलेक्टर’ मासिकाने १९७७पासून ‘फॉर्मंट’ या संपूर्ण सिंथेसायझरची रचना छापली. जर्मनीतील डीटर डोप्फर यांच्या ए-१०० (१९९५) प्रणालीतून ‘युरोरॅक’ हे आजचे सर्वांत प्रचलित प्रमाण रूढ झाले.

रचना : युरोरॅक पॅनेलची उंची १२८.५ मिमी. असते व रुंदी ५.०८ मिमी.च्या पटीत मोजतात. वीजपुरवठा +१२ व –१२ व्होल्ट, तर जॅक ३.५ मिमी.चे असतात. पुरवठ्याच्या चपट्या केबलची लाल कड –१२ व्होल्टकडे असते. ती उलटी जोडल्यास आयसी (एकात्मिक मंडले) जळू शकतात. म्हणून पुरवठ्याच्या वाटेत संरक्षक डायोड घालणे हिताचे.

जोडणी : आधी रेझिस्टर, डायोड, आयसीचे सॉकेट असे बुटके भाग आणि मग कपॅसिटर सोल्डर करतात. पोटेन्शिओमीटर व जॅक प्रथम पॅनेलमध्ये बसवून मगच त्यांच्या पिना सोल्डर केल्यास ते छिद्रांशी जुळून येतात. मल्टिमीटरने शॉर्ट नसल्याची व सॉकेटवर योग्य व्होल्टेज येत असल्याची खात्री झाल्यावर, वीज बंद करून आयसी बसवतात.

सुरेलपणा : सर्वांत कस लागतो तो ऑसिलेटरमध्ये. नियंत्रक व्होल्टेज १ व्होल्टने वाढले की स्वर एक सप्तक चढला पाहिजे, म्हणजे कंप्रता दुप्पट झाली पाहिजे. एका अर्धस्वराला सुमारे ८३.३ मिलिव्होल्ट येतात. हे घातांकी रूपांतर ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या बेस व एमिटर यांमधील व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढले की प्रवाह दुप्पट होतो. मात्र हा आकडा केवल तापमानाच्या प्रमाणात बदलतो : खोलीच्या तापमानाजवळ दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३३ टक्के. त्यामुळे खोली तापली की वरची सप्तके उतरू लागतात. यावर उपाय म्हणून गुणधर्म जुळणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांची जोडी वापरतात आणि त्याच प्रमाणात रोध वाढणारा रेझिस्टर तिला चिकटवून बसवतात. जोडीमुळे ट्रान्झिस्टरच्या गळती प्रवाहातील बदल परस्पर रद्द होतो, तर रेझिस्टर सप्तकाचे माप सांभाळतो.

अखेरीस मॉड्यूल पुरेसे तापू देऊन, १ व्होल्टच्या फरकाने कंप्रता नेमकी दुप्पट होईपर्यंत ट्रिमर (जुळणीसाठीचा छोटा पोटेन्शिओमीटर) फिरवतात. ही जुळणी अनेक सप्तकांवर तपासावी लागते. इतर मॉड्यूलमध्ये थोडी चूक खपते, पण ऑसिलेटरची चूक थेट कानाला कळते. म्हणून या कामात हात व मीटर यांच्याइतकाच कानही तयार असावा लागतो.