पेट्रोलच्या पावतीचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून पेट्रोलचा इतिहास सांगायचा म्हटल्यावर काही मंडळींना हसू येईल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु आमचा सारा जन्म कामगारांत गेला. शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि मालकांनी पुढे टाकलेल्या हिशेबाच्या कागदांवर झाले. त्या शिक्षणाने एक गोष्ट पक्की शिकवली. ज्या कागदावर गरिबाचा पैसा जातो, तो कागद नीट वाचावा. पेट्रोल पंपावर मिळणारी पावती हा तसाच एक कागद आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो राहनाळात. भिवंडी शहराला लागून, ठाण्याच्या वाटेवर हे गाव आहे. एकेकाळी भातशेतीचे, पुढे यंत्रमागांच्या खडखडाटाचे आणि आता गोदामांचे. या गोदामांतून मोटारसायकलीवर पार्सले घेऊन निघणारी मुले पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरतात. त्यांची एक सभा होती. आम्ही मजुरीवर बोलायचे म्हणून तयारी करून गेलो होतो. पण मुले तासभर पेट्रोलवरच बोलत राहिली. ठाण्यात भरावे की खाडीच्या अलीकडे? साधे घ्यावे की महागाचे? कोणत्या पंपाचे ॲव्हरेज चांगले पडते? मूळ विषय राहून गेला म्हणून आम्ही थोडे खट्टू झालो. घरी परतताना उमगले की मुले मजुरीवरच बोलत होती. ज्याला पेट्रोल स्वतः भरावे लागते, त्याची मजुरी हातात पडण्याआधीच टाकीत जाते.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, पेट्रोलचा भाव ठरवतो कोण? पंपवाला नव्हे, आणि गिऱ्हाईक तर नव्हेच. १९२८ साली बर्मा-शेल ही कंपनी स्थापन झाली आणि हिंदुस्थानातील तेलाच्या व्यापाराचा मोठा भाग तिच्या हाती आला. त्याच साली स्कॉटलंडमधील अक्नाकॅरी येथील वाड्यात जगातील बड्या तेल कंपन्यांचे प्रमुख जमले आणि त्यांनी आपापसातील चढाओढ आवरती घेण्याचा करार केला. तेल कोठूनही येवो, त्याची किंमत मेक्सिकोच्या आखातातील भाव अधिक तेथून येणारे जहाजभाडे अशी धरावयाची, ही त्या काळातील रीत. इराणचे तेल आपल्याला किती जवळ! तरी भाडे मात्र अमेरिकेपासूनचे. जे जहाज कधी निघालेच नाही त्याचे भाडे गिऱ्हाइकाने भरावयाचे, असा हा व्यवहार होता. पंपावरच्या पाट्या निरनिराळ्या असत. परंतु पाटी बदलल्याने भाव बदलत नसे.

हा फास सैल झाला तो कसा, हे प्रत्येक कामगाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी कंपन्यांनी येथेच शुद्धीकरण कारखाने काढले. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ साली आणि बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला. १९६० साली सोव्हिएत रशियाने आपल्याला स्वस्त दराने कच्चे तेल देऊ केले. केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांनी ते या कारखान्यांत शुद्ध करावे असा आग्रह धरला. कंपन्यांनी साफ नकार दिला. पण आपल्या तेलाच्या किमती मात्र खाली आणल्या. पुढच्याच वर्षी के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखालील तेलकिंमत चौकशी समितीचा अहवाल आला आणि कंपन्यांच्या हिशेबवह्यांत सरकारने डोके घातले. एकेकट्या गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे पंप बदलून जे साधले नव्हते, ते साऱ्या देशाने ‘आम्ही दुसरीकडून घेऊ’ असे म्हणताच थोडेफार साधले. आमच्या भाषेत याला सामुदायिक वाटाघाट म्हणतात.

पुढे १९७३ साली जगात तेलाचा भडका उडाला. १९७४ साली एस्सोचे आणि १९७६ साली बर्मा-शेलचे राष्ट्रीयीकरण झाले. आज आपण ज्यांना हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणतो, त्या कंपन्या यातूनच उभ्या राहिल्या. त्यानंतर सरकारच भाव ठरवी. ती व्यवस्था एप्रिल २००२ मध्ये कागदावर संपली. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी ताब्यातून मोकळा करण्यात आला, तर १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज सकाळी सहाला बदलू लागले.

आता कराकडे वळू. पेट्रोलवरील केंद्राचा कर पहिल्या महायुद्धात, १९१७ साली आला. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. रस्ते वापरणाऱ्यांनीच रस्त्यांचा खर्च उचलावा, असा त्या समितीचा विचार होता. त्यानुसार १९२९ साली गॅलनमागे चार आण्यांचा कर सहा आणे झाला आणि वाढीव दोन आणे केवळ रस्त्यांसाठी वेगळे ठेवले गेले. युक्तिवाद चोख होता. मात्र रस्त्यासाठी म्हणून पैसे एकदा दिल्यावर खड्ड्यांबद्दल विचारण्याचा हक्कही गिऱ्हाइकाला पोहोचतो, ही दुसरी बाजू पुष्कळदा विसरली जाते.

राज्याच्या कराची कथा आपल्या विदर्भाशी निगडित आहे. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच टक्के कर बसवणारा कायदा केला. केंद्राचे म्हणणे असे की, हा उत्पादनावरचाच कर आहे आणि तो बसवण्याचा अधिकार प्रांताला नाही. प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेले. कोर्टाने मत दिले की, माल तयार होताना घ्यावयाचा कर वेगळा आणि विकताना घ्यावयाचा वेगळा. प्रांताचा कायदा वैध आहे. तेव्हापासून एकाच लिटरवर दोन सरकारांचे दोन हात पडतात. नागपूरच्या त्या भांडणाची सही आज राहनाळच्या पावतीवर आहे.

तिसरा हात होता नगरपालिकांच्या जकातीचा. राहनाळ परिसरात एवढी गोदामे का आली, याचे एक कारण या जकातीत आहे. मुंबई-ठाण्याच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे; म्हणून व्यापारी तो हद्दीबाहेर, भिवंडी तालुक्यात उतरवून ठेवी आणि लागेल तसा आत नेई. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर गेली, पण गोदामे राहिली आणि वाढली. कराची एक रेघ गावाचे रूप कसे पालटते, ते पाहायचे असेल त्याने अंजूर फाट्यावर उभे राहावे.

पेट्रोलवर मात्र ही रेघ त्यानंतरही उमटलेली होती. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दीत राज्याचा कर शेकडा २६ आणि भिवंडी धरून इतर बहुतेक ठिकाणी २५. काशेळीच्या पुलापलीकडे एक दर आणि अलीकडे दुसरा. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ही तफावत काढून टाकण्याचे जाहीर झाले, तेव्हा सरकारने सांगितले की त्या हद्दीत पेट्रोल सुमारे ६५ पैशांनी उतरेल. मुलांच्या वादाचा निकाल या आकड्यानेच लागतो. पाच लिटर भरले तर वाचणार सव्वातीन रुपये. त्यासाठी जाऊन येऊन दहा किलोमीटर आडवाट केली आणि गाडी लिटरला ५० चालली, तर २०० मिलिलिटर पेट्रोल जळते. लिटर शंभरावर असताना ते झाले वीस रुपये. सव्वातीन कमावण्यासाठी वीस घालवण्याचा हा व्यापार. वाटेवरच पंप असेल तर गोष्ट वेगळी. मुद्दाम जाण्यात बचत नाही.

राहिला प्रश्न साध्या आणि महागाच्या पेट्रोलचा. याच्या मुळाशी ऑक्टेन नावाचा आकडा आहे. इंजिनात पेट्रोलची वाफ दाबली जाते. ती आपोआप, अवेळी पेटली तर इंजिन ठोके देते. ऑक्टेन जितके अधिक, तितका दाब पेट्रोल अधिक सोसते. म्हणजे ऑक्टेन हे सोसण्याचे माप आहे, ताकदीचे नव्हे. आपल्याकडे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असे, त्यावर ९५ चे, आणि २०२० पासून १०० चेही मिळू लागले. ज्या इंजिनाचा दाब मुळातच कमी, त्याला महागाचे पेट्रोल पाजणे म्हणजे बैलगाडीला विमानाची चाके लावणे होय. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत किती ऑक्टेन हवे ते लिहिलेले असते. तेवढेच घ्यावे, जास्त घेतल्याने ॲव्हरेज वाढेल ही आशा सोडावी.

ऑक्टेनच्या इतिहासात मजुरांचे रक्तही सांडले आहे. १९२१ साली अमेरिकेत असा शोध लागला की, शिशाचे एक संयुग घातले की स्वस्तात ठोके थांबतात. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार विषबाधेने, भ्रमिष्ट होऊन मेले. तरी ते शिसे जगभर पेट्रोलमधून धुरात जात राहिले. आपल्या देशातून ते पूर्णपणे हटले फेब्रुवारी २००० मध्ये. स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतोच. बहुधा ती मोजणाऱ्याचे नाव पावतीवर नसते.

भेसळीचीही हीच गत. रेशनचे निळे रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल-डिझेल महाग, या फरकावर मोठी टोळीबाजी पोसली गेली. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ ही भेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना जिवंत जाळण्यात आले. तेव्हा पावतीशिवाय, बाटलीतून, कोणा ओळखीच्याकडून मिळणारे ‘दोन रुपये कमी’ तेल कधीही घेऊ नये. पंपावर मीटर शून्यावर आहे ना ते पाहावे. शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा, म्हणावे. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

आणखी एक बदल सांगितला पाहिजे. महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला आणि २०२५ मध्ये हे प्रमाण देशभर वीस टक्क्यांवर पोहोचले. आपल्या साखर कारखान्यांना आणि ऊसकऱ्याला त्याचा आधार झाला, हे खरे. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी उष्णता असते, हेही खरे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते की, जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज यामुळे तीन-चार टक्क्यांनी घटू शकते. ज्याचे पोट ॲव्हरेजवर आहे त्याला हे तीन-चार टक्के लहान नाहीत.

मग बचत आहे कोठे? आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका वाहतूकदाराने ट्रकला लिटरमागे सहा किलोमीटर ॲव्हरेज ठरवून टाकले आणि जेवढे कमी पडेल तेवढ्या डिझेलचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापायला सुरुवात केली. ड्रायव्हर डिझेल चोरतात, हा आरोप. आम्ही म्हणालो, भांडण नको, मोजून पाहू. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, फेरी करून त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. महिनाभर वही ठेवली. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर सहा पडत होते. दिवसा फाट्यावरच्या कोंडीत, गोदामापुढे इंजिन सुरू ठेवून ताटकळत, साडेचार. चोरी ड्रायव्हरची नव्हती, कोंडीची होती. वही पुढे ठेवल्यावर दिवसाचे आणि रात्रीचे ॲव्हरेज वेगळे धरले गेले आणि कपात थांबली.

त्या वहीने आम्हांला दोन धडे दिले. पहिला सर्वांसाठी. चाकांत हवा पुरेशी ठेवा, क्लच अर्धा दाबून चालवू नका, लांब थांबा असेल तेथे इंजिन बंद करा, ताशी ४५ ते ५५ च्या वेगाने चला आणि महिन्यातून एकदा टाकी भरून ॲव्हरेज मोजा. पंप बदलून जे वाचत नाही ते यात वाचते. दुसरा धडा कष्टकऱ्यांसाठी. पेट्रोल कोणते घ्यावे, याआधी विचारावे की पेट्रोल कोणी भरावे. मालकाच्या कामासाठी जळणारे पेट्रोल हा मालकाच्या धंद्याचा खर्च आहे, जसा मागाला लागणारा विजेचा खर्च. यंत्रमागावरच्या मजुराला आजवर कोणी विजेचे बिल भरायला सांगितले नाही. मग पार्सलाच्या पोराने पेट्रोल का भरावे?

राहनाळच्या मुलांनी आता वही ठेवायला सुरुवात केली आहे. रोजचे किलोमीटर, पेट्रोलचे लिटर, दिलेले पैसे आणि पोहोचवलेली पार्सले असे चार रकाने. त्या वहीतून पुढच्या बैठकीत प्रत्येक पार्सलामागे पेट्रोलचा किती पैसा जातो, हे मालकापुढे आकड्यांत मांडता येईल. देशाने १९६० साली मोठ्या कंपन्यांशी जे बोलणे केले, तेच ही मुले आपल्या तोकड्या ताकदीने करू पाहत आहेत. आपण सर्वांनी एवढेच करावे : पंपावर पावती मागावी, घडी घालून खिशात ठेवावी आणि घरी जाऊन एकदा वाचावी.