एस्टोनियातील कौटुंबिक उपभोग खर्च : काही आवश्यक भेद

कुटुंबाने स्वतःच्या गरजा भागवण्यासाठी वस्तू व सेवांवर केलेला खर्च, यास कौटुंबिक उपभोग खर्च म्हणतात. घराची खरेदी ही गुंतवणूक होय आणि कर्जाच्या मुद्दलाची परतफेड हा वित्तीय व्यवहार होय. म्हणून दोन्ही या व्याख्येबाहेर राहतात.

हा खर्च दोन रीतींनी मोजता येतो : (1) देशाच्या भूमीवर झालेला खर्च, तो कोणीही केलेला असो, (2) देशातील निवासी कुटुंबांनी केलेला खर्च, तो कोठेही झालेला असो. सुमारे 13.7 लाख लोकसंख्येच्या एस्टोनियात या दोहोंतील अंतर उपेक्षणीय नाही. हेलसिंकीहून सुमारे दोन तासांत जहाजाने टालिनला येणारा फिनिश प्रवासी बिअरचे खोके हातगाडीवर बांधून परत नेतो. ही खरेदी पहिल्या मापात मोडते, दुसऱ्यात नाही. जुलै 2017 मध्ये बिअरवरील अबकारी कर सुमारे 70 टक्क्यांनी वाढला आणि उलट, म्हणजे एस्टोनियाबाहेर जाऊन खरेदी करण्याचा, प्रवाह बळावला. एस्टोनियाचे वाल्गा व लाटव्हियाचे वाल्का ही जोडगावे; डिसेंबर 2007 मध्ये दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आल्यापासून त्यांच्यामध्ये तपासणी नाका उरलेला नाही. एस्टोनियन ग्राहक मोटारीची डिकी सीमेपलीकडे भरून घेऊ लागले. अशा वेळी देशांतर्गत विक्रीच्या घटीवरून मद्यपानाच्या घटीचे अनुमान काढणे सदोष ठरते. जुलै 2019 मध्ये शासनाने हा कर 25 टक्क्यांनी उतरवला.

खर्चाचे स्थान निश्चित झाल्यावर किंमत व परिमाण वेगळे करावे लागतात. ऑगस्ट 2022 मध्ये एस्टोनियातील वार्षिक महागाई 25 टक्क्यांवर पोहोचली. त्याच महिन्याच्या 17 तारखेला वीजबाजारात एका तासाचा दर मेगावॉट-तासाला 4000 युरो झाला, म्हणजे कर सोडून युनिटमागे 4 युरो. बाजारदराशी जोडलेला करार असलेल्या कुटुंबाला कपडे धुण्याचे यंत्र कोणत्या तासाला लावावे, याचाही हिशेब करावा लागला. तरीही विजेचा वापर एका मर्यादेपलीकडे घटवता येत नाही. म्हणून विजेवरील खर्च वाढतो आणि काटछाट कपडे, फर्निचर, उपाहारगृहे यांच्या वाट्याला येते.

गृहकर्जाचा परिणामही याच मार्गाने होतो. तेथील बहुतेक गृहकर्जांचे व्याज सहामाही युरिबॉर या आंतरबँक व्याजदराशी बांधलेले असते. तो दर 2022 च्या आरंभी शून्याखाली होता. 2023 च्या शरदात सुमारे 4 टक्के झाला. मुद्दलाप्रमाणे व्याजही बहुतांशी वरील व्याख्येबाहेर राहते, म्हणून वाढलेला हप्ता उपभोगाच्या सारणीत जवळजवळ दिसत नाही. इतर रकान्यांतील घटीवरूनच तो ओळखावा लागतो.

शेवटचा भेद काळाचा. मोटार अनेक वर्षे वापरली जाते, पण तिची संपूर्ण किंमत खरेदीच्या क्षणी उपभोग म्हणून नोंदली जाते. जानेवारी 2025 पासून मोटार-कर लागू होणार हे आधीच ठाऊक असल्याने 2024 च्या अखेरीस खरेदी पुढे ओढली गेली आणि नव्या वर्षाच्या आरंभी मोटारींची विक्री कोसळली. या दोन तिमाहींची सरासरी घेतल्याविना मागणीविषयी कोणतेही विधान करू नये.